बोअरच्या खाऱ्या पाण्याने कुंडीतल्या गुलाबाच्या पानांच्या कडा करपतात, मातीवर पांढरा थर येतो. जिप्सम घालू का?

जिप्सम म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज, ते मीठ शोषून घेत नाही, हे आधी लक्षात घ्या. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला त्यातलं कॅल्शियम हुसकावतं, एवढंच. सुटलेला सोडियम कुंडीच्या भोकातून पाण्याबरोबर बाहेर गेला नाही, तर कुंडीतले क्षार उलट वाढतात.

म्हणून आधी हे करून बघा. बोराएवढं सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा, ढवळू नका. दोन-तीन तासांनी भोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियम जास्त आहे, जिप्सम उपयोगी पडेल. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर आधी कुंडी धुवा आणि मग हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण क्षार फार असले की कण विखुरत नाहीत. कुंडीतलं मिश्रण निव्वळ कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) असेल तर ही चाचणी लागू नाही. न धुतलेल्या कोकोपीटमध्येच मीठ असतं, ते धुवूनच काढावं लागतं.

पांढरा थर खरवडून फेकून द्या. बारा इंची कुंडीला शेतीचं जिप्सम सपाट दोन मोठे चमचे, वरच्या दोन इंच मातीत मिसळा. मग कुंडीत जेवढी माती, त्याच्या दुप्पट गोडं पाणी (पावसाचं किंवा नळाचं) थांबत थांबत ओता. खालची ताटली काढून ठेवा, नाहीतर निथळलेलं खारं पाणी माती परत ओढून घेते. या धुण्यात नत्रही वाहून जातं, तेव्हा आठवड्याने हलकं खत द्या. पाणी वरच साचत असेल तर आधी निचरा सुधारा, त्याशिवाय बाकी सगळं वाया जाईल.

प्लास्टर ऑफ पॅरिस जिप्सम म्हणून वापरू नका, ते घट्ट होऊन बसतं. चुनाही नको, बोअरचं पाणी बहुतेकदा आधीच अल्कधर्मी असतं, त्यात चुना पडला की लोह मिळेनासं होऊन नवी पानं पिवळी पडतात. झिओलाइट (क्षार धरून ठेवणारं सच्छिद्र खनिज) कुंडी बदलताना मिश्रणाच्या पाच-दहा टक्के चालेल, पण सोडियमयुक्त प्रकार घेऊ नका.

सोसायटीत सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल तर झाडांना त्याच्या आधीच्या नळाचं पाणी द्या. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियमच सोडतो. आरओचं टाकाऊ पाणी तर गुलाबाला नकोच. ते बोगनवेल किंवा कण्हेरीला बेताने देता येतं.