सडात ट्यूब सोडलेल्या गाईचं दूध आणि सेन्सरचं यंत्र

प्रश्न (सिन्नर व निफाड तालुक्यांतील पशुपालकांकडून) : गाईला दगडी (कास सुजण्याचा आजार) झाली म्हणून सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या. चौथ्या दिवशी दूध चांगलं दिसलं, केंद्रावर घातलं, तर पट्टीवर अँटिबायोटिक निघालं आणि दूध परत आलं. शुगर तपासायच्या मशीनसारखं दुधातलं औषध ओळखणारं सेन्सरचं यंत्र घ्यावं का? आणि एकाच सडात ट्यूब सोडली असेल तर बाकी तीन सडांचं दूध चालतं का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण नुकसान तिथंच होतंय. चालत नाही. औषध कासेतून रक्तात जातं आणि रक्तातून बाकीच्या सडांत उतरतं. चारही सडांचं दूध वेगळं काढा. उकळलं तरी औषध पुरतं जात नाही. ते वासरालाही पाजू नका, औषधाला न जुमानणारे जंतू त्याच्या पोटात तयार होतात.

आता यंत्राचं. शुगरच्या पट्टीवर रक्तातल्या साखरेची एन्झाइमशी क्रिया होते, इलेक्ट्रोडमधून बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि मशीन तो मोजतं. दुधाच्या सेन्सरमध्ये कार्बनच्या इलेक्ट्रोडवर ठरावीक औषधालाच धरणारी प्रतिपिंडं बसवतात. औषध चिकटलं की प्रवाह बदलतो. तत्त्व पक्कं आहे, पण काम फार नाजूक. रक्तात साखर लिटरला साधारण १ ग्रॅम असते. दुधात पेनिसिलिनची आंतरराष्ट्रीय मर्यादा लिटरला ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीच लाख पटींनी कमी. उलट हिशेब करून बघा : १ ग्रॅम पेनिसिलिन अडीच लाख लिटर दूध या मर्यादेला आणून ठेवतं. त्यात दुधातली चरबी आणि प्रथिनं इलेक्ट्रोडवर साचतात आणि आकडा हलतो. शिवाय पेनिसिलिनचा सेन्सर टेट्रासायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक पकडत नाही. म्हणून एकदोन गाईंसाठी आत्ताच यंत्रात पैसे घालू नका. केंद्रावरच्या पट्टीचा निकाल काही मिनिटांत मिळतो. परत दूध सुरू करण्याआधी त्या एका गाईचं दूध तिथं वेगळं तपासून घ्या.

घरी विरजण लावून बघणारे बरेच आहेत. दही लागलं नाही तर शंका घ्याच, पण लागलं म्हणून दूध निर्धोक ठरत नाही.

औषधाच्या खोक्यावर दूध बंद ठेवायचे दिवस छापलेले असतात. छापलेले नसतील तर केंद्र सरकारच्या २०१२ च्या औषध नियमाप्रमाणे किमान ७ दिवस धरा. मोजणी शेवटच्या ट्यूबपासून, पहिल्या नव्हे. द्राक्षावर शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस आपण डोळ्यांत तेल घालून मोजतो. २०१० मध्ये युरोपात सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं रसायन) याच्या अंशांमुळे द्राक्षं अडकली, तेव्हाचे हाल नाशिककरांना सांगायला नकोत. गोठ्यातही तीच काटेकोर नोंद हवी. ट्यूब सोडलेल्या गाईच्या पायाला लाल फडकं बांधा, भिंतीवर खडूनं शेवटच्या ट्यूबची तारीख आणि वेळ लिहा. धार काढणारा माणूस बदलला तरी त्याला ते दिसेल. ती गाय सगळ्यांत शेवटी पिळा आणि तिची बादली वेगळी ठेवा.