एप्रिलच्या सुरुवातीला सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीला तलावाकाठी जाऊन बसायचंय, बीचसारखी जागा मिळेल का?

मिळते, पण कोकणातल्यासारखी पांढरी वाळू डोक्यात ठेवून जाऊ नका. हा शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं बॅकवॉटर, उन्हाळा लागला की पाणी उतरत जातं आणि काठाला लाल मातीच्या पायऱ्या पडल्यासारख्या रेघा दिसतात, तिथेच बसायला मोकळी जागा तयार होते. वरची माती वाळून भेगाळलेली असते पण पाण्याजवळची नुसती वरून कोरडी, माझा पाय एकदा घोट्यापर्यंत आत गेला आणि चप्पल हाताने उपसून काढावी लागली. त्यामुळे मुलं असतील तर प्लीज पाण्यात सोडू नका, खाली जुन्या दरीचा उतार आहे, दोन पावलांत खोल होतं. लाइफ जॅकेट घालून बोटीतच जा.

साताऱ्याहून कास पठारामार्गे गेलात तर फुलं नसतील हे धरून चाला, ती ऑगस्ट-सप्टेंबरात. बोटीने कोयना, सोळशी, कांदाटीचा संगम बघता येतो. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर मात्र वनखात्याची परवानगी लागते आणि सकाळी लवकरच निघावं लागतं.

मला विचाराल तर दुपारी जाऊच नका, सावली नसते. साडेपाचनंतर काठावर बसा, वारा सुटतो आणि समोरचे डोंगर एकामागे एक निळे होत जातात, ते बघायलाच मी दरवर्षी जातो. आणि प्लास्टिक परत आणा हो, तेच पाणी पुढे कोयना धरणाकडे जातं.