रक्त न येणाऱ्या हिरड्या

फोंडा

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सिगारेट सोडून, बोटीवर नोकरी करणाऱ्या मावसभावाने आणलेले तंबाखू नुसती तापवणारे यंत्र तू वापरू लागलास, आणि हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून दात ठणठणीत आहेत असे ठरवलेस, हे मला मुळीच मान्य नाही. (या यंत्राची आयात आणि विक्री आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने बंद आहे, हेही मावसभावाला सांग.)

दातावरचा मऊ, पिवळसर थर म्हणजे अन्नाचे उष्टे नव्हे, ती जिवाणूंची वस्ती असते. दात घासल्यावर काही तासांतच स्ट्रेप्टोकॉकस तिथे ठाण मांडतात. मागून फ्युझोबॅक्टेरियम येऊन आधीच्यांना नंतरच्यांशी जोडतो. आणि हिरडीच्या कडेखाली, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया व ट्रेपोनेमा डेंटिकोला हे त्रिकूट वाढते. धूम्रपान करणाऱ्याच्या थरात ही रोगकारक मंडळी लवकर शिरतात, आणि प्राणवायूवर जगणारे नायसेरियासारखे निरुपद्रवी रहिवासी कमी होतात.

तापवलेल्या तंबाखूत ज्वलन नसल्याने धुरातली अनेक विषारी द्रव्ये बरीच कमी असतात, हे मी नाकारत नाही. निकोटीन मात्र शाबूत राहते, आणि त्याच्या सान्निध्यात दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स अधिक जाड थर विणतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. तेच निकोटीन हिरडीतील बारीक रक्तवाहिन्याही आकसवते. म्हणून तुझ्या हिरडीतून रक्त येत नाही. आत हाड झिजत असतानाही वरून हिरडी फिकट, घट्ट आणि शांत दिसते, आणि माझ्याकडे असे रुग्ण दात हलू लागल्यावरच येतात. तंबाखू पुरती सोडलीस, तर काही आठवड्यांत घासताना ब्रश लाल होऊ शकेल. त्याला घाबरून पुन्हा यंत्र हातात घेऊ नकोस.

शनिवारी सकाळी दात न घासता दवाखान्यात ये. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूचा थर खरवडून थेंबभर पाण्यात काचपट्टीवर ठेवू, आणि त्यात ट्रेपोनेमासारखे, मळसूत्राप्रमाणे वळवळणारे जिवाणू किती दिसतात ते सूक्ष्मदर्शकाखाली तूच मोज.

तुझा,
जुना शिक्षक