पंचांनी फारकत दिली, तर चर्चमधलं लग्न सुटतं का?

बायबलच्या हिशेबानं नाही. नवापूरकडे पंचांसमोर देज (लग्नात मुलीच्या घरच्यांना दिलेलं वधूमूल्य) परत केलं की सुटलो असं धरून चालतात, तिथेच घोळ होतो. परुश्यांनी, म्हणजे नियमांना काटेकोर धरणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, येशूलाही हेच विचारलं होतं : मोशेनं सूटपत्राची (बायकोला सोडल्याच्या लेखी पत्राची) मुभा दिली होती ना? उत्तर आलं, ती तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे. 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' (मत्तय १९). मत्तय जारकर्माचा (व्यभिचाराचा) अपवाद नोंदवतो, मार्क १० मध्ये तोही नाही. कॅथलिक-प्रोटेस्टंटांचं इथेच बिनसतं. जोडीदार वारला तर पुनर्विवाहाला आडकाठी नाही (रोमकरांस ७). आणि मारहाण होत असेल तर वेगळं राहा, कॅथलिक चर्चही त्याला हरकत घेत नाही. कायद्यानं म्हणाल तर ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ पासून परस्परसंमतीची सोय आहे, पण ती कोर्टातून.