तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत

प्रश्न : २० टनाची सेकंडहँड पोकलेन घेऊन चार महिने झाले, मीटरवर ९,००० तास आहेत. मशीन धुतली की दुसऱ्या दिवशी इंजिनचा लाईट लागतो आणि रेस घेत नाही, दोन दिवस ऊन लागलं की आपोआप बरी होते. मेकॅनिकने कोड काढले ते १००, १०२ आणि १५७, तिन्हींच्या पुढे ४. ऑइल प्रेशरचा सेन्सर दोनदा बदलून झाला, आता म्हणतो रेलचा पण टाकू. किंमत ऐकूनच घाम फुटला. टाकू का? – एक वाचक, सांगोला

उत्तर : नका टाकू दादा, आधी दोन तास मल्टिमीटर घेऊन बसा. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे टर्बोच्या हवेचं प्रेशर आणि १५७ म्हणजे कॉमन रेलमधलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं, डिझेलचं प्रेशर. हे झाले एसपीएन, ते फक्त कुठल्या सर्किटमधे गडबड आहे एवढंच सांगतात, सेन्सर खराब आहे असं सांगत नाहीत. खरी माहिती पुढच्या ४ मधे आहे, त्याला एफएमआय म्हणतात आणि आपल्याकडे निम्मे लोक तो आकडा लिहूनच घेत नाहीत. ४ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज पाहिजे त्याच्या खाली गेलंय, ३ असता तर वर गेलंय. आणि १००च्या पुढे १, १७ किंवा १८ आला असता तर गोष्टच वेगळी, तेव्हा वायरिंग ठीक आहे पण ऑइल प्रेशर खरोखरच कमी आहे, मग मीटर खिशात घालायचा, इंजिन बंद करायचं आणि काट्याचा गेज लावून मगच दोन मिनिटं चालू करून बघायचं. ते काम मेकॅनिकचं. तुमचं काम वायरमनचं आहे.

आता तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत, आणि धुतल्यावर मरून उन्हात जिवंत तर मुळीच होत नाहीत. म्हणजे तिघांमधे काय सामाईक आहे ते शोधायचं. तिन्ही सेन्सर तीन वायरचे, एकीतून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ५ व्होल्ट पाठवतो, एक अर्थची, आणि तिसरीवरून सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमधे उत्तर देतो. बऱ्याच इंजिनांत ५ व्होल्टची लाईन दोन-तीन सेन्सरना मिळून एकच असते, चाळीतल्या कॉमन नळासारखी, एकाने खाली सोडून दिला की बाकीच्यांचे हंडे रिकामे. अर्थ तुटली असती तर बहुतेक वेळा ३ आला असता, तिन्हीकडे ४ आहे म्हणजे मला ५ व्होल्टवरच संशय आहे.

लाईट लागलेला असताना, म्हणजे मशीन ओली असतानाच तपासा, सुकल्यावर काहीच सापडणार नाही. चावी ऑन, इंजिन बंद. ऑइल प्रेशरच्या सेन्सरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढा आणि वायरिंगच्या बाजूला ५ व्होल्ट येतात का बघा, ४.७५ ते ५.२५ पर्यंत चालेल. कमी असेल तर मीटर तसाच लावून ठेवून बाकीचे कपलर एकेक काढा. ज्याचा कपलर काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत आले तो सेन्सर नाहीतर त्याचा कपलर गुन्हेगार. सगळे काढून पण आले नाहीत तर वायर कुठेतरी तुटलीय नाहीतर बॉडीला लागलीय, मग चावी बंद, बॅटरी सोडा, ईसीएमचा कपलर काढा आणि त्या ५ व्होल्टच्या वायरला बॉडीशी कंटिन्युइटी, म्हणजे आरपार जोड, आहे का बघा. बीप वाजली तर हार्नेसच्या, म्हणजे वायरच्या जुडग्याच्या, बाजूने हात फिरवत जा, ब्रॅकेटच्या धारेवर, सायलेन्सरजवळ आणि उंदरांनी घर केलेल्या कोपऱ्यात थांबत. आणि जिथे जिथे काळी टेप दिसेल तिथे टेप सोडाच, सेकंडहँड मशीनमधे टेपच्या आत काय काय निघतं विचारू नका, मला एकदा नुसत्या पिळलेल्या दोन वायर आणि मधे बिडीच्या पुडक्याचा कागद सापडलाय.

कपलरच्या आत हिरवं दिसलं तर समजा सापडलं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसंच ते तांबं कळकतं आणि ओल आली की त्या कळंकातूनच करंट गळायला लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या स्प्रेने धुवा, पॉलिश पेपर मारू नका कारण पिनवरचा मुलामा जातो, जास्त खाल्लेली असेल तर पिन बदला आणि कपलरचं रबर सील नवीन टाका. वायरला टाचणी टोचून चेक करायची सवय असेल तर ती पण सोडा, त्याच भोकातून पाणी आत जातं, कपलरच्या मागून बारीक पिन घाला. बल्बचा टेस्ट लॅम्प तर ईसीएमच्या वायरला लावूच नका.

प्रश्न : लोडरवर ११० आणि पुढे ३ येतो, डिस्प्लेवर पाण्याचं टेंपरेचर उणे ४० दाखवतो. सेन्सर गेला का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : चंद्रपुरात उणे ४०, मे महिन्यात तरी फोटो काढून ठेवा! ११० म्हणजे कूलंटचं टेंपरेचर. हा दोन वायरचा सेन्सर, गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, वायर तुटली तर ईसीएमला वाटतं प्रचंड थंडी पडलीय. कपलर काढा आणि वायरिंगच्या दोन पिना छोट्या वायरने जोडा. ३ जाऊन ४ आला तर ईसीएमपर्यंत वायरिंग चांगलं आहे, सेन्सर घ्या. ३ तसाच राहिला तर सेन्सरला हात लावू नका, वायर शोधा. ही युक्ती फक्त दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरसाठी, प्रेशर सेन्सरवर करायला जाल तर ५ व्होल्ट शॉर्ट कराल.

प्रश्न : चिरेखाणीवर मशीन दोन तास चालते आणि फट्कन बंद पडते, अर्धा तास थांबलं की परत चालू होते. डिझेल फिल्टर बदलून झाले. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : फट्कन की घुटमळत, ते आधी सांगायला हवं होतं, पण फट्कन म्हणताय तर इलेक्ट्रिककडे वळू. बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, स्टार्टर मारा आणि आरपीएमकडे बघा. इंजिन फिरतंय पण आरपीएम शून्यच, तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल येत नाही. दोन वायरचा कॉइलवाला सेन्सर असेल तर थंड आणि गरम दोन्ही वेळचा रेझिस्टन्स मोजा, गरम झाल्यावर सर्किट ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवलं तर बदला, आत कॉइलची तार गरमीत सुटते. टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो तो पण पुसा. आरपीएम दाखवतंय आणि तरी चालू होत नाही, तर ईसीएमला सप्लाय देणारा रिले आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी बघा. पट्टीसाठी स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्ट मोजायचे, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर पट्टी काढून गंज घासा. नुसती कंटिन्युइटी बघून उपयोग नाही, एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजते.

प्रश्न : जुनी मशीन बघायला पुण्याला जातोय, सेन्सरचं काय बघू? – एक वाचक, जुन्नर

उत्तर : सकाळी जा, आणि आदल्या रात्रीपासून मशीन चालू करू नका असं सांगून ठेवा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर का ते विचारा. चावी ऑन केली की वॉर्निंगचे लाईट क्षणभर लागून विझले पाहिजेत, लागलेच नाहीत तर बल्ब काढलाय. मग स्कॅनर लावून इंजिन बंद असतानाच आकडे बघा. पाणी, हवा, डिझेल, सगळ्यांचं टेंपरेचर दोन-चार अंशांच्या फरकाने सारखं पाहिजे. ऑइल प्रेशर शून्य, रेल प्रेशर जवळजवळ शून्य. टर्बोच्या हवेचा सेन्सर ॲब्सोल्यूट प्रेशर (बाहेरच्या हवेच्या दाबासकट) दाखवणारा असेल तर पुण्यात साधारण ९५ किलोपास्कल दाखवेल, समुद्रसपाटीला १०१ असतं, पुणं ५६० मीटरवर आहे म्हणून कमी.

मी बघितलेल्या एका मशीनवर पाण्याचं टेंपरेचर सकाळी ८० आणि तासभर चालवून पण ८० होतं. कपलरच्या मागे टेपखाली सेन्सरच्या जागी चार आण्याचा रेझिस्टर सोल्डर केलेला निघाला, सेन्सरची वायर तर मागे कापून टाकलेली. त्या मालकाने चहा मात्र फार चांगला पाजला होता.