एडिनबरा दोन दिवसांत: आधी नकाशाचा चकवा समजून घ्या

पहिल्यांदा जाणारे नकाशा पाहून फसतात. जॉर्ज चौथा ब्रिज आणि काऊगेट हे रस्ते कागदावर एकमेकांना छेदतात, पण प्रत्यक्षात एक पूल आहे आणि दुसरा त्याच्या खालून जातो. मध्ये जिनेच जिने. त्यामुळे फोनवर दिसणारी पाच मिनिटं सहज दुप्पट होतात. चार-सहा जण असाल तर भेटायची जागा रस्त्याच्या नावाने नव्हे, ठळक खुणेने ठरवा, उदाहरणार्थ सेंट जाइल्स कॅथेड्रलचं दार.

किल्ल्याचं तिकीट वेळेनुसार मिळतं, आधीच ऑनलाइन काढा. शनिवारी साडेअकराच्या सुमारास आत शिरलात तर किल्ल्यावरून दुपारी एक वाजता उडणारी तोफ पाहायला सापडते. ही प्रथा 1861 पासूनची, पण रविवारी तोफ उडत नाही. म्हणून किल्ला शनिवारीच ठेवा.

शहरातली आर्थर्स सीट ही टेकडी 251 मीटर उंच आहे, म्हणजे फार नाही. घात होतो तो माथ्यावर: लाखो पावलांनी घासून काळा खडक गुळगुळीत झालाय आणि पावसात साबणासारखा निसरडा होतो. खोल खाचांचे तळवे असलेले बूट हवेतच. छत्री नको, वाऱ्याने उलटते. टोपीवालं जर्किन घ्या. दम कमी असेल त्यांनी डनसापी तळ्याकडून चढावं, वाट आखूड आहे. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा चढाई सकाळीच उरका.

ऑगस्टमध्ये महोत्सवांमुळे खोल्या प्रचंड महागतात. मे किंवा सप्टेंबर निवडा.