घेवड्यात तणनाशकाचा डोस अर्धा केला तर माल घटतो का?

तुम्ही विचारलंय की तण फार नाही, मग घेवड्याला पेंडीमेथालिन हे तणनाशक अर्ध्या डोसने मारलं तर चालेल का. तण खरंच कमी असेल तर चालतं. पण हे औषध पेरणीनंतर उगवणीच्या आत मारायचं असतं, तेव्हा रानात तण दिसतच नाही, त्यामुळे गेल्या वर्षी तिथं किती गवत बी धरून झडलं ते आठवायचं. आणि अर्धा डोस म्हणजे पंपाला अर्धा की एकराला अर्धा? आमच्या घरात याच्यावरूनच अजून वाद आहे म्हणून लिहितोय.

आमचं रान सासवडकडे, मी पुण्यात असतो, फवारणी चुलते, म्हणजे तात्या, बघतात. कॅन 30 ईसी, म्हणजे 30 टक्केवालं पातळ औषध असेल तर एकराला साधारण 1.3 लिटर आणि पाणी 200 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 100 मिलीच्या आसपास. तात्यांनी ते 100 मिली पाठ केलं आणि 200 लिटर सोडून दिलं. लांब लांब टांगा टाकत एकर सात-आठ पंपात उरकला. पंपात औषध पूर्ण, रानात पडलं पाऊण लिटर.

खालच्या तुकड्यात आदल्या वर्षी आईने गवत बी धरायच्या आत खुरपून काढलेलं, तिथं घेवडा स्वच्छ आला, शेंगा भरपूर. वरचा तुकडा मेथीनंतर तसाच पडून होता, माठ, घोळ सगळं झडलेलं, तिथं तेवढ्याच औषधाला तणाने दाद दिली नाही, महिन्याभरात घेवडा शोधावा लागत होता आणि दुसऱ्या तोड्यालाच झाडं थांबली. तात्या म्हणाले औषध डुप्लिकेट. अहो एकच कॅन, एकच पंप, एकाच सकाळी मारलेलं, डुप्लिकेट असतं तर खाली कसं चाललं? आजही गावात तेच सांगतात आणि दुकानदाराला बोल लावतात, मला हे अजिबात पटत नाही.

दाट तणात डोस कमी पडला की वाचलेली रोपंच पीक खायला पुरतात. नुकसान तणाच्या आकड्याबरोबर सरळ वाढत नाही, सुरुवातीची थोडी तणंच दर झाडामागे जास्त माल खातात, पुढे ती आपसातच भांडायला लागतात. म्हणून शंभरातली पन्नास मारली की नुकसान निम्म्यावर येतं हा हिशोब चुकीचा. त्यातही घेवड्याबरोबर उगवलेलं तण वाईट, पीक दाटल्यावर आलेलं फारसं काही करत नाही. डबल डोसवालेही तितकेच चुकतात, एका मर्यादेनंतर तण जास्त मरत नाही, हलक्या रानात वरवर पेरलेलं बी मात्र खुरटतं.

आधी पंपात साधं पाणी भरून नेहमीच्या चालीने मारा आणि मोजा, 15 लिटरमध्ये 3 गुंठे झाले पाहिजेत. तात्यांचे पाचच्या वर जातात, मी मोजून दाखवले तरी मानत नाहीत.

आणि हो, जमिनीत ओल नसेल तर पूर्ण डोसही वाया. लव्हाळा, हराळी याने जात नाही, ते गाठी-काशांतून येतं, तिथं खुरपंच लागेल. सोयाबीनचं उरलेलं इमाझेथापर तणनाशक घेवड्यावर मारू नका, दोन्ही शेंगांचीच पिकं म्हणून लोक मारतात. कॅनवरचं लेबल वाचा, 38.7 टक्केवालं असेल तर वरचं माप लागू नाही.